पाणी हिरवं का होतंय

४ ऑक्टोबर

आजपासून लिहायला घेतलंय. पाणी शुद्धीकरण केंद्रात असताना पाळी संपली की नोंदी करायची सवय होती. निवृत्त झाल्यापासून हाताला चाळा नाही. शिवाय आता कारणही मिळालंय. टाकीतलं पाणी हिरवं व्हायला लागलंय.

ही माशांची टाकी केंद्रातल्या मंडळींनी निरोपाच्या वेळी दिली. काचेची, दोन हात लांब, झाकणात लखलखीत पांढरा दिवा, आत गोल्डफिश. आमच्या केमिस्टबाई भाषणात म्हणाल्या, "साहेबांनी इतकी वर्षं आख्ख्या गावाला नितळ पाणी पाजलं. आता त्यांना एवढीशी टाकी म्हणजे पोरखेळ." सगळे हसले. मीही हसलो. महिना झाला नाही तोवर काचेवर हिरवा थर आणि पाणी पालेभाजी धुतल्यासारखं. कोणाला सांगायची सोय नाही.

हिचं मात्र छान चाललंय. लेकीला जानेवारीत बाळ व्हायचंय. बाळ झालं की ही तिकडे जाणार आणि जाताना सगळी दुपटी, अंगडी स्वतः शिवून नेणार. मशीनवर नाही, हातानं. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, आता नातवंडाचे शिवायचे म्हणते. खुर्ची खिडकीतून उचलून टाकीला खेटून ठेवलीय. मासे आवडलेले दिसतात, पण ते कबूल करेल तर ती ही कसली!

८ ऑक्टोबर

माशांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराला मी मनातल्या मनात बुडबुडे म्हणतो, कारण त्याचं तोंड एकदा सुरू झालं की बंद होत नाही. म्हणाला, "काका, शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि खाऊ. दिवा सहा तास, खाणं चिमूटभर. महिन्याभरात पाणी आरसा." आणि जाता जाता शेवाळ मारायच्या औषधाची एक निळी बाटली गळ्यात मारली. ज्यानं गावाचे गाळणखाने सांभाळले त्याला हा शेवाळ शिकवतो! पण म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं.

घरी आलो तर ही माशांना खायला घालत होती. डबी उपडी धरून झटकत होती. पाण्यावर तपकिरी साय धरली होती.

"अगं, किती घालतेस!"

"पडलं का? मला वाटलं, डबीतून येतच नाहीये."

खाणं घालायचं काम आजपासून माझ्याकडे. दिवाही मीच लावणार आणि मीच बंद करणार.

१३ ऑक्टोबर

सकाळी अंघोळीत होतो. बाहेरून ही ओरडली, "अहो, लवकर या! टाकीची काच फुगलीय. फुटणार आता!"

तसाच पंचा गुंडाळून धावलो. एवढं पाणी फुटलं तर खालच्या मजल्यावरचे लोक जिवंत सोडणार नाहीत. स्टीलची पट्टी काचेला लावून पाहिली. केसभरही फट नाही. "मधोमध बघा ना," ही म्हणाली, "पोट आल्यासारखी बाहेर आलीय." उभी लावली, आडवी लावली, तिरपी लावली. काच सपाट.

"मग दाराची चौकटही वाकलीय," ही म्हणाली. "किती दिवस सांगीन म्हणतेय. सुताराला बोलवा."

आता मात्र माझं डोकं सटकलं. कपाटातून गवंड्याचा ओळंबा काढला आणि चौकटीला लावला. चौकट दोऱ्याला चिकटून खाली उतरलेली, अगदी बसवणाऱ्याची पाठ थोपटावी अशी. ही मात्र चौकट सोडून त्या दोऱ्याकडेच बघत राहिली.

"हा दोरा सरळ आहे?"

"ओळंब्याचा दोरा सरळ नसेल तर जगात सरळ काय आहे?"

आत गेली आणि दिवसभर गप्प होती. मी आवाज चढवला हे खरं, पण तो काही पहिल्यांदा चढवला नाही. एवढं लागण्यासारखं मी काय बोललो?

१४ ऑक्टोबर

सुताराचा विषय निघाला नाही. बरं झालं. पाणी कालच्यापेक्षा हिरवं.

१९ ऑक्टोबर

निळी बाटली संपली, फरक शून्य. आता माझ्या पद्धतीनं. केंद्रात आम्ही ग्लासांची चाचणी करायचो. एकाच पाण्याचे सहा ग्लास घ्यायचे, प्रत्येकात तुरटीचं पाणी वेगवेगळ्या मापानं घालायचं, ढवळायचं आणि गाळ कुठे आधी बसतो ते बघायचं. घरातले सहा काचेचे ग्लास घेतले, टाकीचं पाणी भरलं, ओट्यावर ओळीनं मांडले. घड्याळ लावून बसलो. कित्येक दिवसांनी माणसात आल्यासारखं वाटलं.

दार वाजलं म्हणून उठलो, कुरिअरवाला होता. परत येतो तर चौथा ग्लास रिकामा.

"इथला ग्लास कोणी घेतला?"

"मी प्यायले. तहान लागली होती."

"अगं, हिरवं होतं ते! शेवाळ होतं! तुरटी होती!"

"तरीच तोंड आवळलं," म्हणाली आणि चूळ भरायला गेली.

हिरवंगार पाणी माणूस समोर धरून पितो कसा? माझा प्रयोग बुडवायला मुद्दाम प्यायली म्हणावं, तर एवढी ती मला मानत नाही. उरलेल्या पाच ग्लासांवरून काही निष्कर्ष निघत नाही. माझ्याही डोक्यात सगळा गाळ ढवळलेलाच आहे.

२३ ऑक्टोबर

आज तोंडघशी पडलो. नळाच्या पाण्यातच काहीतरी असणार, माझ्यामागे केंद्रात ढिलाई सुरू झाली असणार असं डोक्यात घेतलं आणि नळाच्या पाण्याची बाटली भरून थेट केंद्रात गेलो. केमिस्टबाईंनी चहा दिला, माझ्यासमोर सगळ्या तपासण्या केल्या. मीच शिकवलेल्या पद्धतीनं, माझ्याच जुन्या टेबलावर. सगळं माझ्या वेळी होतं तसंच. एका बाबतीत तर माझ्यापेक्षा बरं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"साहेब, घरी टाकीवरचा दिवा किती वेळ असतो?"

"सहा तास. मी स्वतः लावतो, स्वतः बंद करतो."

"नक्की?"

त्या 'नक्की'नं नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काय खोटं बोलतोय? पण परत येताना वाटेत तोच शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला.

२६ ऑक्टोबर

दिव्याला टायमर लावला. आपोआप चालू, आपोआप बंद. आता माणसाचा संबंधच नाही.

संध्याकाळी फिरून आलो. दिवा बंद होता, पण झाकणाला हात लावला तर गरम! टायमर बघितला तर तो बरोबर. दिवा बंद होऊन चार तास झाले असले पाहिजेत. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, काही काही झाकणं उष्णता धरून ठेवतात." बुडबुडे नुसते.

३० ऑक्टोबर

आज उलगडा झाला, म्हणजे झाला असं वाटलं.

केस कापायला निघालो होतो, दुकान बंद होतं म्हणून उलट पावली परत आलो. दिवा लख्ख चालू. टायमर एका बाजूला पडलेला आणि दिव्याची पिन सरळ भिंतीत. खाली ही बसलेली, झाकणाच्या उजेडात डोकं घालून, दुपटं नाकाला टेकेल इतकं जवळ धरून शिवत होती.

म्हणजे शेवाळाचं मूळ माझ्याच घरात! मी तिकडे केंद्रावर जाऊन लोकांना दोष देऊन आलो, आणि इकडे मी घराबाहेर पडलो की दिवा लागतो!

"ट्यूबलाइट आहे, खिडकी आहे, मग हाच दिवा कशाला?"

"हा उजेड बरा पडतो."

"तुझ्या शिवणापायी सगळं पाणी हिरवं झालंय!"

तिनं टाकीकडे तोंड केलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कुठे हिरवं? छान तर दिसतंय पाणी."

एवढं तोंडावर! भांडावं तर समोरून भांडण येत नव्हतं, नुसताच टोमणा. तिनं निमूट पिन काढून माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांच्या संसारात हिनं माझ्यापासून लपवून काही केलेलं मला आठवत नाही. एक दिवा चोरून लावण्यात हिला काय मिळतं, हे काही केल्या समजत नाही.

२ नोव्हेंबर

आता शेवटचा उपाय, अंधार. उजेड तोडला की हिरवं पाणी चार दिवसांत मरतं, माशांना काही होत नाही. काळी घोंगडी चारही बाजूंनी गुंडाळली. दिवा सोडवला आणि कपाटावर अगदी मागे ठेवला, हिचा हात पुरणार नाही असा. ही बघत उभी होती.

"कधी परत लावणार?"

"चार दिवसांनी."

"तीन नाही चालणार?"

मी घोंगडीची टोकं खोचत राहिलो.

दुपारी लेकीचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. ती हसून म्हणाली, "आई, इकडे बघ ना! दर वेळी तुझा कानच दिसतो मला." मी म्हटलं, गॅसवर दूध असेल, तिकडे बघत असेल. गॅसवर काही नव्हतं, हे मला नंतर दिसलं.

४ नोव्हेंबर

सकाळी हिनं सुयांची डबी आणि दोऱ्याची रिळं माझ्यासमोर ठेवली. "एकदम सगळ्या ओवून ठेवा."

"सगळ्या? कशाला?"

"तुम्हाला काम नाही म्हणून."

बसलो ओवत.

दुपारी ती खिडकीशी शिवत होती. थोड्या वेळानं उठायला गेली तर दुपटंही तिच्याबरोबर उठलं. स्वतःच्याच कपड्याचं टोक टाक्यात घेतलं होतं. मी पोट धरून हसलो, तीही हसली. कात्रीनं टाके उसवायला घेतले तेव्हा दुपट्याची कड पाहिली. अर्धी कड रेघ मारल्यासारखी, आणि पुढे टाके जे भरकटलेत ते थेट कापडाच्या मधोमध. हिच्या हाताचा टाका असा? गावातल्या नवऱ्या मुली हिच्याकडे कपडे टाकायला रांगा लावायच्या.

हसता हसता ती आधी थांबली. मी एकटाच हसत होतो.

६ नोव्हेंबर

नीट लिहिता येत नाहीये. तरी लिहितो.

सकाळी घोंगडी काढली. पाणी बरंच नितळलं होतं, फक्त मेलेलं शेवाळ तळाला बसलं होतं. म्हणून मासे जाळीनं काढून मोरीतल्या बादलीत ठेवले, तळ उपसला, काचा पुसल्या, ताजं पाणी भरलं. दिवा लावला. काय पाणी दिसत होतं! आपलं काम जमलं की छाती फुगते तशी फुगली. पाणी जरा स्थिरावलं की मासे सोडू म्हटलं आणि आधी हिला हाक मारली. दाखवायची घाई, दुसरं काय.

ही आली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"वा! कित्ती स्वच्छ झालं हो! आणि मासे बघा कसे खूश झालेत, कसे पळतायत!"

मी हसलो. म्हटलं, चेष्टा करतेय. "हो का? कुठला जास्त खूश आहे?"

"तो मोठा. तो बघा ना, वर आलाय."

बोट पाण्याकडे होतं. तिथे पाणी होतं. नुसतं पाणी.

माझं हसू तोंडावरच राहिलं. मी काहीच बोलत नाही हे तिला कळलं असावं. तिनं हात पुढे केला, काच चाचपली, झाकणावरून बोटं फिरवली. मग खूप हळू विचारलं, "मासे नाहीयेत का आत?"

मी म्हटलं, "बादलीत आहेत."

ती खुर्चीवर बसली. मी जमिनीवरच बसलो. फुगलेली काच, वाकलेली चौकट, हिरव्या पाण्याचा ग्लास. एकेक आठवत गेलं तशी मला भीती वाटायला लागली. आजपर्यंत कधी वाटली नव्हती तेवढी.

८ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बाई आहेत, मोजकं बोलतात. डोळ्याच्या आतला जो पडदा असतो त्याचा मधला भाग खराब झालाय. डाव्याचा गेलाच. उजव्यात पडद्यामागे पाणी झिरपतंय. इंजेक्शनं देऊन ते थोपवता येईल. उरलंय ते राखायचं, गेलेलं परत येत नाही. पहिलं इंजेक्शन लगेच दिलं.

त्यांनी चौकटींचा एक कागद हिच्यासमोर धरला. "रेषा सरळ दिसतात?"

"नाही. मध्ये लाटा आहेत, आणि लाटांच्या मध्ये डाग."

"असं कधीपासून?"

ही मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाली, "आमच्या टाकीची काच फुगली तेव्हापासून."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. त्या म्हणाल्या, "तेव्हाच आला असतात तर बरंच वाचलं असतं." तेव्हा मी हातात ओळंबा घेऊन उभा होतो. चौकट सरळ आहे हे सिद्ध करत होतो.

पाणी झिरपतंय म्हणे. जन्मभर झिरपणारं पाणी शोधत हिंडलो मी.

११ नोव्हेंबर

तिला नक्की काय दिसतं ते मला कळत नाही. अंगठा डोळ्यासमोर धरून घरात फिरून पाहिलं, स्टुलाला अडखळलो. शेवटी तिलाच विचारलं, "मी दिसतो का तुला?"

"कडेकडेनं दिसता. शर्ट दिसतो, कान दिसतात. डोकं नाही दिसत." मग म्हणाली, "ते तसंही कधी फारसं दिसलं नव्हतं."

हसू आलं आणि लगेच राग आला. म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस? मी काय परका आहे?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"डॉक्टरकडे नेलं असतं!"

"नेलं असतंत. मग लेकीला फोन. मग ती म्हणाली असती, आई, तू बस, आई, तू नको उचलू, पडेल. मग बाळ माझ्या हातात कोणी दिलं असतं?" तिनं सुयांची डबी पुढे ओढली. "बाळ येईपर्यंतच तर निभवायचं होतं. एकदा हातात घेतलं असतं, की मग सांगितलं असतं. मग गेले असते डोळे तरी चाललं असतं."

"चाललं असतं?"

"मला चाललं असतं."

मला प्रचंड राग आला. तो नक्की कोणाचा आला, कळत नाही. तिच्यावर काढावा तर ती समोर बसून सुया चाचपून डबीत लावत होती. बुडबुडेवर, केमिस्टबाईंवर, डॉक्टरवर, कोणावरच काढता येईना. उठून टाकी पुसत बसलो. ती स्वच्छच होती.

लेकीला इतक्यात सांगायचं नाही, असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलंय. हे बरोबर की चूक? बाळंतीण होणाऱ्या पोरीला काळजी कशाला, हेही खरं. आणि काही कळू न देता हिच्या हातात बाळ द्यायला लावायचं, हेही कसं? पाण्याचं बरं असतं. तपासलं की कळतं, प्यावं की नाही.

१६ नोव्हेंबर

दिवा आता दिवसभर चालू असतो. टायमर अडगळीत टाकला. पाणी पुन्हा हिरवट दिसायला लागलंय, होऊ दे. ती खाली बसून शिवते, मी शेजारी बसून टाके सरळ चाललेत का ते सांगतो. ते सांगितलेलंही तिला आवडत नाही.

आज लेकीचा फोन आला, तोच चेहरा दिसणारा. मी नेहमीसारखं काहीतरी सांगून सावरून घेत होतो, तेवढ्यात हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. माझ्याकडून वदवून घेतलेलं स्वतःच मोडलं! शेवटी म्हणाली, "तेव्हा बाळ कोणाच्या हातात द्यायचं ते तू ठरव."

हिनं फोन घट्ट धरला होता. मला वाटलं, आता रडारड.

मग लेक म्हणाली, "लहानपणी मी रडायचे तेव्हा तू मला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचीस. बाबा सांगतात, तुझे डोळे मिटलेले असायचे. झोपेतच चालायचीस तू. एकदा तरी पाडलंस का मला?"

हिनं फोन आणखी जवळ ओढला.

"आणि बाळ झाल्यावर कशाला येतेस? आत्ता ये. बाबांनाही आण. इंजेक्शन इथे घेऊ. आई, मला आधी बघून घे नीट."

फोन ठेवल्यावर ही खूप रडली. मीही रडलो. कोणी कोणाला गप्प करायचं, ते समजलं नाही.

२० नोव्हेंबर

उद्या सकाळी निघायचंय. डॉक्टरांनी तिकडच्या दवाखान्यासाठी कागद दिलेत. शेजारीण एक दिवसाआड येऊन माशांना चिमूटभर खाणं घालेल. चिमूट म्हणजे किती, ते तिला दोनदा करून दाखवलं. ती मला वेडा समजली असणार.

दुपटी झाली, एक सोडून. ते ती तिकडे शिवणार आहे. म्हणून मी टाकीच्या झाकणातला दिवा सोडवला, पुसला, काळ्या घोंगडीत गुंडाळला आणि हिच्या बॅगेत दुपट्यांच्या मधोमध ठेवला. पाळण्याजवळ कुठेतरी लावू. त्या उजेडात बाळ तिला दिसेल तेवढं दिसेल.

टाकी आता अंधारात आहे. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, खाणं चिमूटभर. आठवड्याभरात पाणी असं नितळेल की केंद्रावरच्या मंडळींना बोलावून दाखवावं. आणि तेव्हा घरात बघायला कोणी नसेल.

आत्ता हिनं विचारलं, "दिवा घेतलात ना?" म्हटलं, घेतला. तरी उठून आली, बॅग उघडली, दुपट्यांमधून हात घातला आणि तो आहे ना, ते चाचपून बघितलं.